गळक्या नळाची पूर्तता

आमच्या मागच्या अंगणातला नळ गळतो, यात बातमी देण्यासारखं काही नाही. आम्ही हे घर घेतलं तेव्हाही तो गळतच होता. भिंतीतून वीतभर पाइप बाहेर आलेला, त्याला एक जुनी पितळी तोटी आणि खाली सिमेंटचं उथळ आळं. टप्, असा एक थेंब पडायचा. मग आपण मनातल्या मनात चारपर्यंत आकडे म्हणायचे, की पुन्हा टप्. आळं भरलं की पाणी ओघळून लिंबाच्या झाडाला जायचं. झाडाला पाणी घालायचं काम वाचतं म्हणून अठरा वर्षं मी त्या नळाकडे उदार मनानं पाहत आलो.

हे उदार मन माझ्या स्वभावात बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एका मोठ्या कार्यालयाच्या छाननी विभागात आहे. आमच्याकडे लोकांचे अर्ज येतात आणि त्यांत काय नाही, हे मी शोधतो. काय आहे ते शोधायला वरच्या मजल्यावर दुसरा विभाग आहे. सही आहे पण तारीख नाही, तारीख आहे पण जोडपत्र नाही, असं काही सापडलं की मी समासात लाल शाईनं लिहितो, ‘त्रुटी. पूर्तता व्हावी.’ सव्वीस वर्षं हेच लिहितोय. माझा ‘त्रु’ आमच्या मजल्यावर प्रसिद्ध आहे. घरात मात्र मी त्रुटी शोधत नाही, कारण घरात सापडलेली त्रुटी आपल्यालाच दुरुस्त करावी लागते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी माझे सासरे डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला आमच्याकडे आले आणि सगळं बदललं.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून. बोलणं फार थोडं. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून ते दुसऱ्या गावी तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. गेल्या थंडीत जिन्यात पाय घसरून पडले आणि दोन तास कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून माझ्या बायकोची झोप उडाली आहे. बाबांनी आता कायमचं आमच्याकडे राहावं, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि ते राहणार नाहीत, याची तिला खात्रीही होती.

कारण सासरे आले ते पाहुण्यासारखे. बॅग कॉटखाली. रोज एक शर्ट बॅगेतून काढायचा आणि धुऊन वाळला की घडी करून परत बॅगेत. कपाटात एक कप्पा रिकामा करून दिला होता, त्यात त्यांनी फक्त स्वतःची छत्री ठेवली. डोळ्यांच्या दवाखान्यात फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यात त्यांनी आधी लिहिलं ‘द्वारा’ आणि मग माझं नाव. चष्म्याच्या दुकानातही ‘द्वारा’. लाँड्रीवाल्यानं कागदावर पत्ता मागितला, तिथेही ‘द्वारा’.

“ते ‘द्वारा’ वाचलं ना, की माझ्या पोटात तुटतं,” बायको म्हणाली. “जन्मदात्या बापानं माझ्या घराचा पत्ता असा लिहायचा?”

“मग त्यांना सरळ सांग ना, राहा म्हणून.”

“मी म्हटलं की ते नाही म्हणणार. त्यांचं त्यांनाच वाटलं पाहिजे. इथे रमले तर राहतील. तुम्ही फक्त एक करा.”

“काय करू?”

“काही करू नका.”

हे काम मला अपमानास्पद वाटलं, पण अवघड वाटलं नाही.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काही आठवडे वाचायचं नाही, टीव्ही बेताचा, वाकायचं नाही आणि जड उचलायचं नाही, असं बजावलं. मग माणसानं करायचं काय? सासरे दुपारी मागच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. बायको शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, तीही मधूनमधून त्यांच्याजवळ बसायची. मी ऑफिसातून आल्यावर पाहायचो तर ते तिथेच.

पहिल्याच रविवारी दुपारी मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमचा नळ गळतो, जावईबापू.”

मी पेला हातात घेऊन दाराशी आलो.

“चार सेकंदाला एक,” ते म्हणाले.

आता सव्वीस वर्षं छाननीत काढलेल्या माणसानं या वाक्याचा काय अर्थ लावावा? नुसता शेरा असता तर मी सोडून दिला असता. हा पुराव्यासकट शेरा होता. म्हातारा माणूस, दुपारची वेळ, डोळ्यावर हिरवा चष्मा आणि कानाशी हे टप् टप्. बिचाऱ्यांना डुलकीही लागत नसणार. पण मोठेपणा बघा, तक्रार केली ती केवढ्या सभ्यपणे! मी ठरवलं, सासऱ्यांना इथे रमवायचं असेल तर ही त्रुटी गेली पाहिजे. बायकोनं काही करू नका म्हटलं होतं खरं. पण तिला आश्चर्याचा सुखद धक्का द्यावा, असं मला वाटलं. तो धक्का तिला मिळाला, पण त्यात सुखद काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि वायसर मागितला.

“अर्धा इंची की पाऊण?” दुकानदारानं विचारलं.

“नळाचा.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोन्ही दिले. शिवाय एक पाना, एक पांढरी टेप आणि “असू द्या, लागेल” म्हणून एक हातोडी.

पुढच्या रविवारी सकाळी मी बाही वर करून नळापाशी बसलो, तेव्हा कुंपणापलीकडून आमचे शेजारी उगवले. यांना आम्ही घरात ‘अनुभवी’ म्हणतो, कारण त्यांचं कुठलंही वाक्य ‘अनुभवानं सांगतो’ या शब्दांनी सुरू होतं. निवृत्त आहेत. कशातून निवृत्त झाले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या खात्यात सगळीच कामं होत असावीत.

“अनुभवानं सांगतो, आधी मेन कॉक बंद करा,” ते म्हणाले.

हे मला माहीत होतंच, असं म्हणत मी आत गेलो आणि मेन कॉक कुठे असतो ते बायकोला विचारलं. तो ओट्याखाली होता. मी तो फिरवला. तो फिरला. आणखी फिरवला, आणखी फिरला. कुठल्याही बाजूला, कितीही. इतकी विनातक्रार फिरणारी वस्तू बंद झालीच असणार, असं मी गृहीत धरलं. परत येऊन तोटीचं वरचं बोंडकं उघडलं, तेव्हा जे पाणी नाकातोंडात गेलं त्यावरून कळलं की कॉकला फक्त फिरायची आवड होती, बंद व्हायचं त्याच्या मनात नव्हतं. तरीही मी हटलो नाही. त्या फवाऱ्यात डोळे मिटून मी जुना वायसर काढला, नवा घातला आणि बोंडकं आवळलं. हे मी कसं केलं ते आजही मला सांगता येणार नाही.

सगळे श्वास रोखून बघत राहिलो. टप्.

“तीन सेकंदाला एक,” सासरे खुर्चीवरून म्हणाले. “छान.”

हे ‘छान’ मला फार लागलं. चाळीस वर्षं घड्याळाच्या मुंगीएवढ्या चाकांशी खेळलेला माणूस, त्याच्यासमोर जावई एवढ्याशा वायसरपुढे हरला. मी ओल्या कपड्यांनिशी आत निघून गेलो. थोडं मागे वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं, कारण सासऱ्यांचा चेहरा अगदी समाधानी होता, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. नंतर म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

त्याच दुपारी मी दुसरा प्रयत्न केला. यावेळी अनुभवींचं म्हणणं पडलं की वायसरचा दोषच नाही, तोटी नीट आवळलेली नाही. मी पाना लावला आणि आवळली. ते म्हणाले, “अजून.” मी आवळली. ते म्हणाले, “अजून जरा.” कट् असा आवाज झाला आणि तोटी माझ्या हातात आली. पाइप भिंतीत राहिला आणि त्यातून पाण्याचा दांडगा सोट निघाला, तो थेट लिंबाच्या झाडावर.

“मी जरा म्हटलं होतं,” अनुभवी म्हणाले.

मग धावपळ. मी तळवा लावला, पाणी बोटांच्या फटीतून अनुभवींच्या अंगावर गेलं. चिंधी लावली, ती शेजारच्या गच्चीवर गेली. शेवटी अनुभवी घरात पळत गेले आणि एक जाडजूड गाजर घेऊन आले. “ठोका. अनुभवानं सांगतो!” माझ्याकडे हातोडी होतीच. गाजर पाइपात बसलं आणि काय सांगू, पाणी थांबलं! फक्त गाजराच्या कडेनं एक थेंब झिरपत खाली यायचा. दुकानदारानं हातोडी का दिली, तेही मला त्या क्षणी कळलं. काही माणसं गिऱ्हाईक पाहूनच ओळखतात.

गाजरानं सोमवार आणि मंगळवार उत्तम काम केलं. बुधवारी मी ऑफिसातून आलो तर बायको बाजारात गेलेली आणि मागून पाण्याचा आवाज. जाऊन पाहतो तो पाण्याचा सोट पुन्हा सुरू. अंगणाचं तळं झालेलं. साळुंक्या, चिमण्या, बुलबुल, जिकडून तिकडून आलेले पक्षी त्या फवाऱ्यात आंघोळ करत होते. दारात माझे सासरे स्वतःची छत्री उघडून तिच्याखाली बसले होते आणि हसत होते. त्यांना हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. लग्नातही ते हसले नव्हते.

“खारीनं खाल्लं,” ते म्हणाले. “गाजर. सव्वादोनला सुरुवात केली, तीन वाजता संपवलं. शेवटच्या तुकड्याबरोबर उडाली बिचारी, पण तुकडा सोडला नाही!”

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण माझं लक्ष स्वयंपाकघरात शिरलेल्या पाण्याकडे होतं. त्यापुढे रोज सकाळी एक नवं गाजर ठोकून मी ऑफिसला जायचो आणि रोज दुपारी खार यायची.

मेन कॉक बिघडलेला, म्हणजे पाणी बंद करायचं तर रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा. तो झाकणाखाली असतो आणि झाकणाची किल्ली पाणी कार्यालयात. मी अर्ज घेऊन तिथे गेलो. तीन नंबरच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, रजिस्टर उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्या घरात तीन नळ आहेत.”

“चार.”

“नोंदीत तीनच आहेत.”

“चौथा गळतोय, म्हणून तर आलोय.”

“जो नळ नोंदीतच नाही तो गळेल कसा?” असं म्हणून त्यांनी लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं, ‘त्रुटी. पूर्तता व्हावी.’

सव्वीस वर्षांत हे वाक्य मला कुणी लिहिलं नव्हतं. ते वाचताना समोरच्याला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. तरी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, त्यांचा ‘त्रु’ ठीकठाकच होता.

मला नळाच्या जागेचा नकाशा जोडायचा होता, शेजाऱ्याचं संमतीपत्र आणि गळतीचा फोटो. नकाशा मी स्वतः पट्टीनं काढला. संमतीपत्र अनुभवींनी लिहून दिलं. ते चार पानी होतं आणि त्यात संमती शेवटच्या ओळीत होती. दुसऱ्या खेपेला बाईंनी फोटो हातात घेतला.

“यात गाजर दिसतंय.”

“हो.”

“अर्जात गाजराचा उल्लेख नाही.”

मी मान खाली घातली. बाईंचं बरोबर होतं. मीही हेच केलं असतं.

तिसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला. हाताएवढी लांब किल्ली घेऊन कार्यालयाचा माणूस आला, त्यानं रस्त्यावरचा व्हॉल्व्ह तासभर बंद केला, आणि त्या तासात आमच्या प्लंबरनं मेन कॉक बदलला, तुटलेल्या तोटीचा तुकडा काढला आणि तिथे एक चकचकीत, नव्या पद्धतीची तोटी बसवली. दांडी पाव फेरा फिरवली की सुरू, पाव फेरा फिरवली की बंद.

“आता दहा वर्षांत एक थेंब पडला तर मिशी उतरवीन, साहेब,” प्लंबर म्हणाला. त्याची मिशी पाहता हे वचन मोठं होतं.

मी सासऱ्यांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ते म्हणाले, “हो. थांबला.”

त्या दुपारी मी अठरा वर्षांत पहिल्यांदा संपूर्ण शांततेत झोपलो. उठलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घर नको इतकं शांत होतं. दारात सासरे बसलेले. नळावर बुलबुल येऊन बसली, तिनं मान वाकडी करून तोटीच्या तोंडाशी पाहिलं, उलटी लोंबकळून पुन्हा पाहिलं आणि निघून गेली. खार भिंतीवरून अर्ध्यावर येऊन परत फिरली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तिसऱ्या दिवशी एकटी बुलबुलच आली आणि चौथ्या दिवशी कुणीही आलं नाही. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी खुर्ची उचलून आत आणून ठेवली. जड उचलायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असूनही.

रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले, “डोळा आता चांगला आहे. येत्या रविवारी संध्याकाळच्या गाडीनं निघावं म्हणतो. चष्मा तयार झाला की पाठवून द्या.”

भांडी आवरताना बायको मला इतकंच म्हणाली, “मी तुम्हाला एकच काम सांगितलं होतं.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं असतात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आलो आणि सासऱ्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं असे एकटे कधी बसलो नव्हतो. सासरा आणि जावई यांनी काय बोलायचं असतं, हे मला अजूनही माहीत नाही.

“बाबा, नळ गळतो असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“हो, म्हणालो होतो.”

“मग मी तो दुरुस्त केला.”

“तुम्हाला त्रास होत होता का त्याचा?” त्यांनी विचारलं.

“मला? छे! मला वाटलं तुम्हाला होतोय.”

सासऱ्यांनी नळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “अहो, किती छान गळतो, असं म्हणत होतो मी.”

आणि मग हळूहळू, एकेक स्क्रू सोडवावा तसं त्यांनी सांगितलं. पट्टी काढल्यावर त्यांना पहिल्यांदा नीट दिसली ती नळावरची बुलबुल. “तिच्या शेपटीच्या मुळाशी लाल असतं, जावईबापू. लालभडक. मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळलं. जन्मभर भिंगातून खाली बघत राहिलो.” बुलबुल दोन दहाला यायची आणि थेंब खाली पडायच्या आत चोचीत झेलायची. खार अडीचला, गाजर असेल तर थोडी आधी. आळ्यात एक बेडूक होता, तो पाच वाजता बाहेर यायचा. “माझ्या तिथे घरात अकरा घड्याळं आहेत. ही गेल्यापासून किल्ली दिली नाही. कुणी यायचं नसतं, मग वेळ कळून करायचं काय? इथे दुपारी कुणीतरी यायचं.” त्यांनी हात झटकले. “असो. तुम्ही नळ चांगला केलात. घरात गळका नळ बरा नव्हे.”

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. सव्वीस वर्षं मी लोकांच्या कागदांत काय नाही ते शोधत बसलो, आणि माझ्या घरातल्या माणसानं साधं कौतुक केलं, त्यात काय आहे ते मला वाचता आलं नाही.

रविवारपर्यंत तीन दिवस होते. पहिल्या दिवशी मी नळाखाली एक पसरट भांडं पाणी भरून ठेवलं. त्यात कावळ्यानं कुठूनसा आणलेला वाळका पाव भिजवला आणि अनुभवींची मांजर भांड्याशेजारी बसून राहिली, त्यामुळे बाकी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी नवी तोटी किंचित उघडून थेंब पाडायचा प्रयत्न केला. ती धार सोडायची किंवा काहीच सोडायची नाही. मधलं तिला मंजूर नव्हतं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी प्लंबरला बोलावलं.

“हा नळ गळेल असा करून द्या,” मी म्हणालो.

प्लंबरनं पिशवी खाली ठेवली. “साहेब, तीस वर्षं या धंद्यात आहे. मुद्दाम गळणारं काम आजवर केलं नाही.” आमच्या न्हाणीघराचं त्याचं काम आठवून मी ‘मुद्दाम’ या शब्दाला हरकत घेतली नाही. त्याला मी सगळी हकिकत सांगितली, बुलबुल, खार, सासरे. तो विरघळला. नवी तोटी काढून त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली एक साधी पितळी तोटी हातात घेतली, बसवायला गेला आणि थांबला.

“नाही जमायचं, साहेब. माझा हात आपोआप बरोबर बसवणार.” मग त्यानं ती तोटी माझ्या हातात ठेवली. “तुम्हीच बसवा.”

“मी? मला कुठे येतं?”

“म्हणूनच म्हणतो,” प्लंबर अत्यंत आदरानं म्हणाला. पाइपाला एक बूच लावून तो निघून गेला.

अपमान गिळून मी रविवारी दुपारी नळापाशी बसलो. गाडी साडेसहाची होती. बॅग दाराशी आलेली. सासरे प्रवासाचे कपडे घालून आतल्या खुर्चीत बसले होते. बायको मागच्या दारात उभी होती आणि कुंपणावर अनुभवी. मी मेन कॉक बंद केला. यावेळी तो खरंच बंद झाला. मुद्दाम वाईट काम करायचं मी मनात आणलं नव्हतं. ते मला जमणारही नाही. मी टेप नीट गुंडाळली, वायसर बोटानं चाचपून बसवला, तोटी सरळ लावली. जितकं चांगलं करता येईल तितकं केलं, कारण गळायला तेवढं पुरेसं होतं, असा आजवरचा अनुभव होता. मग कॉक उघडला.

सगळे बघत राहिले. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. तोटी कोरडी ठणठणीत.

आयुष्यात पहिल्यांदा माझं हाताचं काम निर्दोष झालं होतं, तेही नेमकं त्या दिवशी. बायकोनं कपाळाला हात लावला आणि ती आत वळली.

“उत्तम!” अनुभवी कुंपणावरून म्हणाले. “अनुभवानं सांगतो, आता हात लावू नका!”

अठरा वर्षांत त्यांनी दिलेला हा सगळ्यात बरोबर सल्ला. पण मला तोटीची दांडी जराशी तिरकी वाटली. अगदी केसभर. कुणाच्या लक्षातही आली नसती. काम संपवून उठताना माझ्यातल्या छाननीवाल्याला राहवलं नाही. मी पाना लावला आणि पूर्ततेसाठी म्हणून पाव फेरा आवळली. आत कुठेतरी काहीतरी चुरडल्यासारखं झालं.

टप्.

मी तसाच बसून राहिलो. मनातल्या मनात आकडे मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार. काही नाही.

टप्.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे खुर्ची ओढत दारात आले, बसले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बायको त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. चार-पाच थेंब पडले.

“तुमचा नळ गळतो, जावईबापू,” सासरे म्हणाले. “पाच सेकंदाला एक. जरा मागे पडतो. चालेल.”

त्या दिवशी बुलबुल आली नाही. तिची वेळ टळून गेली होती. “उद्या दोन दहाला येईल,” सासरे म्हणाले, आणि उद्या दोन दहाला कोण येतं ते बघायचं म्हणून गाडी तशीच गेली. सोमवारी बुलबुल आली. मंगळवारी खार आली आणि गाजर न दिसल्यामुळे थोडी नाराज झाली. बॅग मात्र पुन्हा कॉटखाली गेली होती, भरलेली. बायको रोज झाडताना तिच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. मीही काही बोललो नाही. काही न करण्याचं काम मी आता शिकलो होतो.

तीन आठवड्यांनी पाणी कार्यालयाचं एक छापील कार्ड आलं. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी चौथा नळ रजिस्टरमध्ये रीतसर नोंदवला होता आणि आता त्याच्याबद्दल त्यांना चौकशी करायची होती. ‘नळाचे काम समाधानकारक आहे काय? त्रुटी असल्यास नमूद करावी. नाव व पत्ता लिहावा.’ मी ते कार्ड सासऱ्यांकडे दिलं. त्याच सकाळी त्यांचा नवा चष्मा आला होता आणि त्यांना लिहायला काहीतरी हवं होतं.

त्यांनी मागच्या दारात बसून, मांडीवर पाटी घेऊन, घड्याळजीच्या बारीक अक्षरात कार्ड भरलं. मागे नळ गळत होताच. मी ते टपालात टाकायला घेतलं आणि सवयीनं वरून खाली नजर फिरवली. ‘त्रुटी : नाही.’ खाली त्यांचं नाव. त्याखाली आमच्या घराचा पूर्ण पत्ता, घर क्रमांकासकट.

पत्त्यात एक शब्द लिहायचा राहिला होता. माझ्या नजरेतून असलं काही सुटत नाही. मी कार्ड बायकोला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं, मग पदराला डोळे पुसत आतल्या खोलीत गेली आणि कॉटखालची बॅग ओढून शर्ट कपाटात लावू लागली.

माझ्या खिशात लाल पेन होतं. मी ते काढलं नाही. कार्ड तसंच पेटीत टाकून आलो.